बाउंडरी वॉटर्समधील कनू-भ्रमंती

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेलगत पसरलेल्या ‘बाउंडरी वॉटर्स कनू एरिया विल्डरनेस’ या संरक्षित अरण्यातून कनूने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद व हलक्या होडीने, तंबू आणि शिधा बरोबर घेऊन केलेला काही दिवसांचा प्रवास. हे अरण्य सुपीरियर राष्ट्रीय वनाचा भाग असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 4,400 चौ. किमी. आहे. सीमेच्या कडेने ते सुमारे 240 किमी. पसरले आहे. त्यात हजाराहून अधिक सरोवरे, सुमारे 1,900 किमी. लांबीचे कनूमार्ग आणि मुक्कामासाठी नेमून दिलेल्या 2,000 हून अधिक जागा आहेत. सीमेपलीकडे कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातील क्वेटिको हे उद्यान आहे. नकाशावर रेघ असली तरी पाणी दोन्हीकडे सारखेच.

एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात जाताना बहुधा मध्ये जमीन आडवी येते. तेवढे अंतर होडी खांद्यावर आणि सामान पाठीवर घेऊन पायी तोडावे लागते. या वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात. या भ्रमंतीची छायाचित्रे शांत पाण्याची काढली जातात, पण किती दिवस जायचे, किती माणसे, काय खायचे, कोणती होडी घ्यायची, हे सारे ठरते ते पोर्टेजवर.

ही भूमी कॅनेडियन ढालप्रदेशाच्या, म्हणजे अतिप्राचीन कठीण खडकाच्या विस्तीर्ण पट्ट्याच्या, दक्षिण कडेवर येते. अरण्याच्या वेशीवरील ईली गावाजवळचे हिरवट खडक सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हिमनद्यांनी हा कातळ खरवडला आणि त्या मागे हटल्यावर खळग्यांत पाणी साचले. माती पातळ, कातळ उघडा आणि त्यावर पाइन, स्प्रूस, बर्च, अस्पेन. दलदलीतून येणारे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. तो मळ नसून कुजलेल्या वनस्पतींतून उतरलेले टॅनिन हे तुरट द्रव्य असते.

कनू ही इथल्या मूळ रहिवाशांची देणगी आहे. ओजिब्वे लोक तिला ‘जीमान’ म्हणतात. बर्चची साल, सीडरच्या लाकडाच्या फासळ्या, शिवणीला स्प्रूसची मुळे आणि सांधे बुजवायला स्प्रूसचाच राळयुक्त चीक. खिळा एकही नाही. वाटेत होडी फाटली तर दुरुस्तीचे सामान जवळच्या काठावरच मिळे. आणि मुख्य म्हणजे ती उचलता येई. ओक लाकडाची भक्कम युरोपीय होडी या प्रदेशात पहिल्याच पोर्टेजवर निकामी ठरली असती. प्राण्यांच्या फरचा, म्हणजे केसाळ कातड्यांचा, व्यापार करणाऱ्या गोऱ्यांनी म्हणूनच आपली होडी सोडून ओजिब्व्यांची उचलली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यापार भरात आला. फ्रेंच बोलणारे वल्हेकरी, ज्यांना ‘व्हॉयाजर’ म्हणत, माँट्रियलहून मोठ्या होड्यांतून माल सुपीरियर सरोवरापर्यंत आणत. तिथून पुढे सुमारे 25 फुटी होड्यांतून तो सॅगनागा, नाइफ, बासवुड, लाक ला क्रुआ या सरोवरांच्या माळेतून वायव्येला जाई. सुरुवातीलाच ‘ग्रँड पोर्टेज’ ही 13.7 किमी.ची वाट होती. मालाचा गठ्ठा 90 पौंडांचा, म्हणजे सुमारे 41 किलोंचा, आणि एका खेपेला असे दोन गठ्ठे उचलणे हा रिवाज. वजन कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याने पेलले जाई. अंतर मैलांपेक्षा चिलमींत सांगण्याची या लोकांची पद्धत होती. एकदा थांबून चिलीम ओढली की पुढच्या चिलमीपर्यंतचे अंतर ती एक चिलीम. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील 1842 च्या वेबस्टर-ॲशबर्टन तहाने सीमा याच जलमार्गावरून आखली, पण मार्गावरील पोर्टेज दोन्ही देशांच्या लोकांना खुली ठेवली. 1854 च्या तहाने ओजिब्वे समूहांनी हा प्रदेश अमेरिकेला दिला, मात्र शिकार व मासेमारीचे हक्क राखून ठेवले. ते आजही लागू आहेत.

पोर्टेजचे अंतर आजही ‘रॉड’ या जुन्या मापात सांगितले जाते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, सुमारे 5 मीटर. 320 रॉडांचा एक मैल. दुसरीकडे जवळजवळ विसरले गेलेले हे माप इथे टिकले. ते साधारण एका कनूच्या लांबीएवढे आहे. 80 रॉडांची वाट म्हटली की 80 होड्या एकीपुढे एक लावल्या असे डोळ्यांसमोर आणता येते. फिशर कंपनीच्या नकाशांवर सरोवरांमधल्या प्रत्येक वाटेपाशी असा आकडा आणि मुक्कामाच्या जागी लाल ठिपका असतो. अरण्यात पाट्या नसल्याने हा नकाशा आणि होकायंत्र हीच दिशा दाखवणारी साधने.

होडी उचलण्याची एक रीत आहे. गुडघाभर पाण्यात उभे राहून कनू आधी मांडीवर घ्यायची, पलीकडची कड धरून एका झोक्यात डोक्यावरून पालथी करायची आणि मधल्या आडव्या लाकडी जोखडाच्या गाद्या खांद्यांवर टेकवायच्या. आता दिसते ते पायापुढचे दोन-तीन हात जमीन, मुळे, ओला दगड. समोरचे झाड दिसायला होडीचे टोक वर करावे लागते. पालथ्या होडीत डास शिरतात आणि दोन्ही हात होडीच्या कडांना अडकलेले असतात. पाणी जवळ आल्याचे आधी कानांना कळते. केव्हलार या हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याची दोघांची कनू सुमारे 19 किलोंची असते, तर ॲल्युमिनियमची 32 च्या आसपास. केव्हलार महाग आणि खडकावर घासली की ओरखडते, म्हणून तिला काठावर आपटू न देता पाण्यातच उतरून चढायचे असते. या प्रदेशात चामडी बूट कोरडे ठेवण्याचा नाद सोडलेलाच बरा.

सामान एका खेपेत नेले तर 1 किमी.ची वाट 1 किमी.च चालावी लागते. दोन खेपा झाल्या की तीच वाट 3 किमी.ची होते, कारण मध्ये रिकाम्या हाताने परतावे लागते. नवख्यांना हा हिशेब दुसऱ्या दिवशी उमगतो आणि मग जादा स्वेटर, घडीची खुर्ची, लोखंडी तवा यांचा खरा भाव कळतो. सामानासाठी ‘डलुथ पॅक’ नावाची कॅनव्हासची चौकोनी पिशवी याच राज्यातल्या डलुथ शहरात घडली. कमील प्वारिए यांनी 1882 मध्ये तिचे पेटंट घेतले. तिला ताठ सांगाडा नसल्याने ती होडीच्या तळाशी नीट बसते.

पाण्यावर दोघांची कामे वाटलेली असतात. पुढचा लय धरतो आणि पाण्याखालचे खडक पाहून सांगतो. मागचा दिशा राखतो. नुसते एका बाजूला वल्हवत राहिले तर होडी दुसरीकडे वळते. म्हणून वल्ह्याच्या प्रत्येक ओढीच्या शेवटी पाते किंचित बाहेर ढकलायचे. पाण्यात इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी रेघ उमटते, म्हणून हा ‘जे-स्ट्रोक’. वेग ताशी 4–5 किमी. मिळाला तरी पुष्कळ. दुपारी वारा सुटला की मोठ्या सरोवरांवर लाटा उठतात आणि अशा वेळी मधून पार करण्याचे धाडस अंगाशी येते. जाणते लोक पहाटे निघतात, काठ धरून जातात आणि वारा नाहीच पडला तर दिवसभर तंबूत बसतात. हा बसून राहण्याचा दिवस आखणीत धरलेला नसला की शेवटच्या दिवशी धांदल उडते.

मुक्कामी राहायचे तर परवाना लागतो. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशस्थळाला रोजचा कोटा असतो. परवाना बांधतो तो फक्त प्रवेशाची जागा आणि तारीख. पुढे कुठे मुक्काम करायचा हे आपले आपण ठरवायचे, आणि जागा आधी येईल त्याची. लोखंडी जाळीची चूल आणि मागे झाडीत बसवलेले उघडे शौचपात्र, एवढीच सोय. एका गटात जास्तीत जास्त 9 माणसे आणि 4 होड्या. ही मर्यादा पाण्यावर, पोर्टेजवर, सगळीकडे लागू असल्याने ओळखीचे दोन गट दुपारच्या जेवणालाही एकत्र बसू शकत नाहीत. एका जागी 14 दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. अन्नाचे डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्या आणण्यास मनाई आहे. भांडी पाण्यात न धुता काठापासून 200 फूट दूर धुवायची. हा नियम वाचायला सोपा आहे, पण रात्री दिवा धरून खरकटे पाणी घेऊन चढताना तो जड जातो.

टिन बंद झाल्यामुळे सगळे जेवण कोरड्या शिध्याचे: भात, डाळ, ओट्स, सुकवलेली भाजी, आणि गळाला लागला तर वॉलाय मासा (त्याचा वेगळा परवाना लागतो). मिनिआपोलिस-सेंट पॉल भागातील मराठी कुटुंबांना ईली गाव गाडीने सुमारे चार तासांवर आहे. वजन, टिकाऊपणा आणि एका पातेल्यात होणे या तिन्ही कसोट्यांवर पिठले-भात किंवा मेतकूट-भाताला तोड नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको. पाणी गाळून किंवा उकळून प्यायचे, कारण नितळ पाण्यातही जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म परजीवी असू शकतो.

काळ्या अस्वलांना वास लवकर लागतो. म्हणून अन्न एकतर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, नाहीतर दोरीने जमिनीपासून 12 फूट उंच आणि खोडापासून 6 फूट लांब टांगून ठेवायचे. दगड बांधलेली दोरी फांदीवरून टाकण्याचे काम उजेडी करावे. अंधारात तो दगड परत आपल्याच दिशेने येतो. उपद्रव मात्र अस्वलापेक्षा खारी आणि चिपमंक (पट्टेदार छोट्या खारी) जास्त करतात.

हे अरण्य शांत राहिले ते भांडणातून. पूर्वी आतल्या रिसॉर्टांवर पाहुणे विमानाने उतरत. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1949 मध्ये या भागावरून 4,000 फुटांखालून उडण्यास बंदी घातली. 1964 च्या अरण्य कायद्यानंतरही लाकूडतोड व मोटारबोटी चालूच होत्या. 1978 च्या स्वतंत्र कायद्याने लाकूडतोड थांबली आणि मोटारबोटी मोजक्या सरोवरांपुरत्या उरल्या. ईलीत या कायद्याने गाव दुभंगले. काहींचा रोजगार गेला, काहींचा सुरू झाला.

नाइफ सरोवरातल्या बेटावर 1930 च्या दशकापासून राहणाऱ्या डोरोथी मोल्टर या परिचारिकेला मात्र, इतरांना अरण्य सोडावे लागले तरी, मरेपर्यंत राहण्याची मुभा मिळाली. विमाने बंद झाल्यावर थंड पेयांच्या बाटल्या येईनात, तेव्हा त्यांनी सरोवराच्या पाण्यात स्वतःच रूट बिअर हे मद्य नसलेले गोड पेय करायला घेतले. हिवाळ्यात कापून ठेवलेल्या सरोवराच्या बर्फात त्या ते गार करत. वल्हवून दमलेल्या हजारो लोकांनी ते प्यायले. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची लाकडी घरे ईलीत हलवून तिथे संग्रहालय केले आहे.

बर्फ एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला वितळते. तेव्हा पाणी इतके थंड असते की उलटलेल्या होडीतला पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत गारठतो. जीवरक्षक जाकीट अंगात हवे, होडीत नव्हे. जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास, सप्टेंबरात पिवळे अस्पेन आणि रिकामी मुक्कामस्थळे. रात्री लून या पाणपक्ष्याची लांबलचक हाक येते, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती लांडग्याची वाटते. 2020 मध्ये या भागाला आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश अभयस्थानाचा, म्हणजे कृत्रिम उजेडापासून मुक्त रात्रीच्या आकाशाच्या जागेचा, दर्जा मिळाला.

4 जुलै 1999 च्या वादळाने इथली कोट्यवधी झाडे आडवी केली. 2011 मध्ये विजेने लागलेला पगामी क्रीकचा वणवा 90,000 हून अधिक एकरांवर पसरला. जॅक पाइनची राळेने मिटलेली फळे आगीच्या उष्णतेनेच उघडतात, त्यामुळे जळालेल्या पट्ट्यांत आज एकाच उंचीची दाट रोपे दिसतात.

ईलीच्या उत्तरेला हेगमन सरोवरावरील कातळावर गेरूची जुनी चित्रे आहेत: हात पसरलेला माणूस, मूस (एक मोठे हरीण), लांब शेपटीचे एक श्वापद आणि माणसे बसलेल्या कनू. तिथे जायला आधी 80 रॉडांचे पोर्टेज आहे. चित्रे पाण्यावरूनच समोर येतात. होडी थोडी लांब धरून पाहावीत, कातळाला हात लावू नये.