रास प्रथिनाची शेपटी : एका टाकून दिलेल्या औषधाची पार्श्वभूमी

पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या रास प्रथिनांपैकी एक म्हणजे एच-रास. त्याच्या जनुकात बदल झालेल्या तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावर टिपिफार्निब या औषधाचा उपयोग होऊ शकतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत दिसले. ज्यांच्या गाठीत बदललेल्या जनुकाचे प्रमाण जास्त होते, अशा मूल्यमापन झालेल्या २० रुग्णांपैकी ११ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. तंबाखू, सुपारी आणि २०१२ पासून बंदी असूनही न थांबलेला गुटखा यांचे परिणाम भोगणाऱ्या मराठवाड्याने याची दखल घ्यायलाच हवी. औषध मात्र जुनेच आहे. ते एकदा अपयशी म्हणून बाजूला पडले होते.

रासमधील एका अमिनो आम्लाच्या बदलाने पेशी बेबंद होते, हे १९८२ मध्ये उमगले. १९८८ पासून रासच्या स्फटिकरचना मिळू लागल्या. जीटीपी हा लहान रेणू चिकटल्यावर रासचे दोन लवचिक भाग आकार बदलतात आणि त्यांपैकी एकावर पुढचे प्रथिन, राफ, येऊन बसते. १९९५ मध्ये रासच्या एका जवळच्या नातलगाबरोबर हा जोड प्रत्यक्ष दिसला : दोन्ही प्रथिनांचे बीटा-पट्टे (साखळीचे सरळ ताणलेले भाग) शेजारी लागून एक सलग पत्रा तयार होतो. एवढ्या सपाट पृष्ठभागात लहान रेणू अडकवणार कुठे, हा प्रश्न तिथेच उभा राहिला.

म्हणून औषधशोध रासच्या साखळीच्या टोकाकडे, म्हणजे शेपटीकडे, वळला. स्फटिकासाठी १८९ अमिनो आम्लांपैकी पहिली सुमारे १७० च घेतली होती, त्यामुळे शेपटी त्या चित्रांत नव्हतीच. पेशीत मात्र याच शेपटीला १५ कार्बनचा फार्नेसिल गट जोडला जातो आणि त्याच्या आधाराने रास पेशीपटलाला चिकटते. हा गट जोडणारे विकर टिपिफार्निबसारख्या औषधांनी रोखल्यावर एच-रासच्या गाठी असलेले उंदीर सुधारले आणि सर्वांच्या आशा उंचावल्या.

पुढे जे झाले ते मला आजही पटत नाही. ही औषधे मुख्यतः के-रास या दुसऱ्या रास प्रथिनाच्या कर्करोगांवर, विशेषतः स्वादुपिंडाच्या, तपासली गेली. के-रासच्या शेपटीच्या टोकाला मेथिओनिन असते, त्यामुळे फार्नेसिलची वाट बंद झाल्यावर दुसरे विकर त्याला २० कार्बनचा गट जोडून मोकळे होते. एच-रासच्या टोकाला सेरीन असल्याने त्याला ही पळवाट नाही. के-रासची ही पळवाट १९९७ मध्येच प्रसिद्ध झाली होती, तरीही मोठ्या चाचण्या पुढे रेटल्या गेल्या, त्या फसल्या आणि दोष औषधाच्या माथी आला. स्वादुपिंडात गरज निकडीची होती, हे मान्य. पण भारतातील तोंडाच्या कर्करोगांत एच-रासचे बदल लक्षणीय प्रमाणात आढळतात, ही नोंद १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध असताना तिकडे कोणी वळले नाही.

दरम्यान २०१३ मध्ये के-रासच्या पृष्ठभागावर एक छुपी खोबण सापडली आणि २०२१ मध्ये तिच्यात बसणाऱ्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते बाराव्या जागी सिस्टीन आलेल्या के-रासपुरतेच आहे. आपल्याकडच्या गालाच्या गाठींना त्याचा फारसा उपयोग नाही.

बायॉप्सीच्या अहवालात साधारणपणे ‘वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ एवढेच, म्हणजे गाठीचा प्रकार, असते, एच-रासचा उल्लेख नसतो. त्याच बायॉप्सीच्या पॅराफिन ठोकळ्यातून डीएनए काढून ही तपासणी करता येते.