उभ्या पायाचे माप : मुलांचे बूट शिवून घेणाऱ्या पालकांसाठी

आमच्याकडे मुलांचे बूट आणि सँडल मापाप्रमाणे शिवून मिळतात, हे आपणांस ठाऊक आहेच. तरीही दर आठवड्याला फोनवर हटकून विचारणा होते, की "आमच्या मुलाला नऊ नंबर बसतो, तोच पाठवून द्या ना, कागदावर पाय कशाला काढायचा?" त्याचे उत्तर एकदा नीट, सविस्तर द्यावे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

आम्हा दोघांचा हा व्यवसाय सुरू झाला तोच अशा नंबरापायी. मुलगी साडेतीन वर्षांची असताना लक्ष्मी रस्त्यावर तिच्यासाठी बूट घेतले. दुकानातल्या माणसाने वरून अंगठ्याने दाबून "जागा आहे, सहा महिने बघायला नको" असे सांगितले आणि आम्ही निश्चिंत झालो. तेथून जेवायला गेलो, तर ताट येण्याआधीच मुलीने टेबलाखाली दोन्ही बूट काढून टाकले होते. मोजा उतरवून पाहिला, तेव्हा करंगळीच्या बाजूला लाल वळ उठला होता आणि टाचेवर फोड येऊ लागला होता. ती रडली नव्हती. लहान मुलांचा पाय मऊ असतो, त्यातील हाडे अजून पुरती घट्ट झालेली नसतात, त्यामुळे पाय घट्ट बुटातही निमूटपणे मावून जातो आणि मूल तक्रार करीत नाही. दुकानातल्या माणसाचा अंगठाही फसतो, कारण वरून दाबले की मूल बोटे आत आखडून घेते.

नंबराविषयी थोडक्यात सांगतो. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, अर्थात सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत तोच दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा मिलिमीटरांहून किंचित जास्त. त्यातच कोणी कारखानदार नंबर पायावरून ठरवतो, तर कोणी कलबुतावरून, म्हणजे ज्या साच्यावर बूट ओढून बांधतात त्यावरून. म्हणून एका ठिकाणचा नऊ दुसऱ्या ठिकाणी सैल पडतो. आणि पायाची रुंदी तर त्या आकड्यात बहुधा नसतेच.

आता मुख्य गोष्ट. आमचा सर्वाधिक वेळ ज्या चुकीमुळे जातो, ती म्हणजे झोपलेल्या किंवा मांडीवर बसलेल्या मुलाच्या पायाचा काढलेला कागद. पालकांची अडचण आम्ही जाणतो. जागे असताना मूल एका जागी उभे राहत नाही, म्हणून रात्री ते झोपले की हळूच तळव्याला कागद लावून पेन्सिल फिरवली जाते. परंतु झोपेतल्या पायावर अंगाचा भार नसतो. मूल उभे राहिले की तळवा पसरतो, बोटे मोकळी होतात, आणि पाय लांबीला काही मिलिमीटर, तर चवड्यापाशी चांगलाच रुंद होतो. अर्धा नंबर म्हणजे जेमतेम सव्वाचार मिलिमीटर, हे लक्षात घेतले तर झोपेत काढलेल्या कागदावरचा बूट का चावतो हे सहज कळेल. असा बूट परत येतो, कारागिराला तो उसवून नव्या कलबुतावर चढवावा लागतो, आणि रांगेतल्या दुसऱ्या मुलाचे काम तितके दिवस मागे पडते.

म्हणून संध्याकाळी, दिवसभर खेळून पाय किंचित फुगलेला असताना, मुलाला शाळेचे मोजे घालून फरशीवर ठेवलेल्या कागदावर उभे करावे. हाती एखादे पुस्तक किंवा खेळणे दिले, तर तेवढा वेळ ते स्थिर राहते. पेन्सिल सरळ उभी धरावी. ती आत कलली की तळव्याच्या कमानीखाली शिरते आणि पाय आहे त्यापेक्षा अरुंद दिसतो. दोन्ही पाय काढावेत, कारण दोन्ही क्वचितच सारखे असतात, आणि आम्ही मोठ्या पायावर बूट बांधतो. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब असते, तेव्हा रेघ सर्वांत लांब बोटाभोवतीच फिरली आहे ना, हे पाहावे. छायाचित्र पाठवायचे असल्यास ए४ कागदच घ्यावा, फोन कागदाच्या बरोबर वर, फरशीला समांतर धरावा आणि कागदाचे चारही कोपरे दिसू द्यावेत. त्या कागदाची लांबी २९७ मिलिमीटर ठरलेली असल्याने आम्हाला पायाचे प्रमाण काढता येते.

"वाढत्या अंगाचे द्या, पुढे कापूस भरू" अशी विनंतीही अनेकदा होते, आणि आम्ही ती नाकारतो, याचा काहींना राग येतो. फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो, बूट चालत नाही. सैल बुटात पाय पुढे घसरतो, मूल बोटांनी तळ धरून चालते आणि पायरीवर अडखळते. वाढीसाठी आम्ही पुढे दहा ते बारा मिलिमीटर जागा सोडतोच. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा पाय महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढतो, तेव्हा तेवढी जागा बरेच महिने पुरते. आमच्या बुटाचा आतला तळवा सुटा निघतो. दर तीन महिन्यांनी तो काढून त्यावर मुलाला उभे करावे, म्हणजे पुढे किती जागा उरली हे घरबसल्या दिसते. तयार बुटांपेक्षा आमची किंमत जास्त आहे हे मान्य आहे, मात्र त्यात एकदा टाच आणि शिलाई दुरुस्त करून देणे धरलेले आहे.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि सगळे कागद मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदम येतात. बूट बांधायला दहा दिवस लागतात, म्हणून माप मेच्या मध्यावर काढून पाठवावे. मार्चमध्ये काढून ठेवलेला कागद मात्र चालणार नाही. कागदावर मुलाचे नाव, माप घेतल्याची तारीख, शाळेला लागणारा रंग आणि नाडी हवी की पट्टा, एवढे लिहावे.