‘आता घरी न्या, सेवा करा’

नाशिकच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तासभर थांबलं, तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतं. सुरगाण्याहून आलेला मुलगा ते ऐकून खाली बघतो, सिन्नरची सून पदर डोळ्यांना लावते. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एकच कळतो : डॉक्टरांनी हात टेकले.

माझ्या मावशीच्या वेळी आम्हीही तोच अर्थ घेतला. तिचा स्तनाचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरला होता. दोन वर्षं सकाळची पंचवटी पकडून मुंबईला टाटाच्या फेऱ्या झाल्या होत्या. आता उपचार थांबले आणि सिडकोतल्या घरी तिचा पलंग खिडकीपाशी लागला. पुढच्या तीन महिन्यांत मला जे समजलं ते असं, की या वाक्यातला ‘सेवा’ हा शब्द आपण फार हलका समजतो. तो एक पूर्ण उपचार आहे. त्याला शास्त्र आहे, मात्रा आहेत आणि त्याचा परिणाम मोजता येतो. वैद्यकात त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक सेवा, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारी सेवा.

घरी येणाऱ्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी मावशीला विचारलं, “शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. आत्ता किती?” मावशी म्हणाली, “आठ.” सिस्टरनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. ज्या चौकोनांत वहिनी दुधाचा हिशेब लिहायची, तिथे तारखेखाली ८ लिहिलं. “रोज सकाळ-संध्याकाळ लिहायचं,” त्या वहिनीला म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं ते नाही, त्या सांगतील तो आकडा.”

हाडांतलं कर्करोगाचं दुखणं दिवसभर चालूच असतं. त्यावर मॉर्फिन, म्हणजे अफूपासून मिळणारं वेदनाशामक, देतात. त्याची तोंडाने घ्यायची साधी गोळी साधारण चार तास काम करते. म्हणून ती दुखायला लागल्यावर द्यायची नसते, घड्याळाप्रमाणे द्यायची असते. दुखणं डोकं वर काढेपर्यंत थांबलं, तर ते खाली आणायला जास्त औषध लागतं आणि मधले तास रुग्ण नुसता पुढच्या कळेची वाट बघत बसतो. आमच्याकडे काय व्हायचं? मावशी म्हणायची “होतंय सहन” आणि आम्ही गोळी वाचवायचो. मॉर्फिनचं नाव ऐकून घरात व्यसनाची धास्ती होती. पण दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनमुळे अशा रुग्णांना व्यसन लागणं विरळा. त्याचा खरा आणि जवळजवळ हमखास त्रास म्हणजे बद्धकोष्ठ. मॉर्फिन मेंदूत ज्या प्रकारच्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागांना, चिकटतं, तसेच ग्राही आतड्यातही असतात, त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषधही सुरू करायचं. ही एक गोष्ट विसरली गेली, की घरचे लोक मॉर्फिनलाच दोष देऊन ते बंद करतात.

पाचव्या दिवशी चौकोनात ३ आला.

सेवेतल्या इतर गोष्टीही अशाच साध्या दिसतात आणि त्यामागे शरीराचा नेमका नियम असतो. कूस दर दोन तासांनी बदलायची, कारण माकडहाडावर आणि टाचांवर सतत दाब पडला की तिथल्या केशवाहिन्या मिटतात, कातडीला रक्त मिळत नाही आणि आतून जखम तयार होते. कर्करोगाच्या जखमेला घाण वास येतो, तो मुख्यतः ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचा. त्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर वापरतात. शेजारीपाजारी ज्या वासामुळे खोलीत यायचे थांबतात, तो अशा स्वस्त औषधाने बराच आटोक्यात येतो. आणि धाप लागली तर चेहऱ्यावर छोटा पंखा धरायचा. गालावरच्या गार वाऱ्याची जाणीव चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेतून मेंदूकडे जाते आणि दम कोंडल्याची भावना कमी होते. मला हे आधी खोटं वाटलं होतं. मावशीच्या गालावर वारा लागताच तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

आता मोठा प्रश्न. दवाखान्यातून घरी आणलेला माणूस लवकर जातो, ही आपल्याकडची पक्की समजूत. ती तपासली गेली आहे. जपानमध्ये कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचा शेवट दवाखान्यात झाला, काहींचा घरी, आणि दोन्हीकडे उपशामक सेवा होती. ज्यांच्याकडे काही आठवडेच उरलेत असा अंदाज होता, त्यांच्यात घरचे रुग्ण सरासरी ३६ दिवस जगले, दवाखान्यातले २९. ज्यांच्याकडे काही महिने होते, त्यांच्यात फरक आढळला नाही. कोणाला कुठे ठेवायचं हे इथे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, त्यामुळे घरामुळेच आयुष्य वाढलं असं यावरून म्हणता येणार नाही. घरी आणल्याने आयुष्य घटतं असं मात्र त्यात दिसलं नाही, एवढा धीर त्यातून मिळतो.

चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यासही आहे, बोस्टनमधला, २०१० सालचा. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांबरोबर सुरुवातीपासून उपशामक सेवा. दुसऱ्या गटात नैराश्य कमी होतं, अखेरच्या दिवसांत केमोथेरपीसारखे जड उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले : ११.६ महिने, पहिल्या गटात ८.९. ही सेवा घरी नव्हे, बाह्यरुग्ण विभागात दिली होती. तिचा धडा वेळेबद्दल आहे. सगळं संपल्यावर ‘सेवा करा’ म्हणण्याऐवजी निदानाच्या दिवशीच ती सुरू व्हायला हवी.

दवाखान्याच्या खाटेचीही एक किंमत असते. निरोगी वृद्धांना नुसतं दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवलं, तर पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू घटतात, असं एका प्रयोगात दिसलं. आजाऱ्याचं काय होत असेल! शिवाय अनोळखी खोली, रात्रभर जळणारे दिवे, तिथे होणारे जंतुसंसर्ग. म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी बोलू लागतात ती बरेचदा अशाच जागी. पण घर म्हणजे सगळ्यावर उतारा, असंही मी म्हणणार नाही. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबू लागली आणि पाय अचानक लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. हाड मोडलं, मोठा रक्तस्राव झाला, तरी तेच. आणि घरच्या सेवेचा भार बहुतेक वेळा एकाच बाईवर पडतो. आमच्याकडे तो वहिनीवर होता. सिस्टर आल्या की मावशीआधी त्या वहिनीला विचारायच्या, “तुम्ही काल किती तास झोपलात?”

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५.६८ कोटी लोकांना या सेवेची गरज असते आणि मिळते ती सुमारे १४ टक्क्यांना. आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती होते, तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात रुग्णांसाठीच्या मॉर्फिनचा वापर कमालीचा घसरला. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं केलं. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचं स्वतंत्र धोरण केलं, तिथे परिचारिका घरोघर जातात. नाशिक शहरात निदान रिक्षा करून औषधापर्यंत पोचता येतं. पेठच्या एखाद्या पाड्यावर चार तासांची गोळी संपली, तर पुढची किती तासांनी मिळेल? आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, तेव्हा हा प्रश्न नाशिककरांनी मोठ्याने विचारायला हवा.

मावशी गेली त्या महिन्याचं पान वहिनीने जपून ठेवलंय. शेवटच्या आठवड्यात आकडा दोनच्या वर गेलेला नाही. मंगळवारच्या चौकोनात बारीक अक्षरात आहे : “सकाळी १, संध्याकाळी २. चहा दोन घोट. पलंग उन्हात सरकवायला सांगितला.”