लॅपटॉपचे कवच आणि जाडीचा घन

महाविद्यालयासाठी लॅपटॉप घेताना ‘बॉडी धातूची आहे ना?’ असे हमखास विचारले जाते आणि होकार मिळाला की मजबुतीची चौकशी तिथेच संपते. वास्तविक कवच दाबाखाली किती वाकेल, हे केवळ पदार्थावर नव्हे, तर त्याच्या जाडीवर आणि घडणीवरही अवलंबून असते.

पत्रा वाकतो तेव्हा त्याचा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधोमध असा एक थर राहतो, ज्याची लांबी बदलतच नाही. या मधल्या थरापासून एखादा थर जितका दूर, तितका तो अधिक ताणला जातो. त्याच अंतरामुळे त्याच्या विरोधाला तरफेचा लाभही अधिक मिळतो. शिवाय जाडीबरोबर विरोध करणारे द्रव्यही वाढते. हे तिन्ही परिणाम एकमेकांना गुणत असल्यामुळे ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. ॲल्युमिनियमचा यंग गुणांक, म्हणजे पदार्थ ताणाला किती विरोध करतो याचे माप, सुमारे 70 गिगापास्कल आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा सुमारे 45, हे पाहता ॲल्युमिनियम सरस वाटते. परंतु त्याची घनता पाण्याच्या 2.7 पट, तर मॅग्नेशियम मिश्रधातूची 1.8 पट असल्याने तेवढ्याच वजनात मॅग्नेशियमचा पत्रा दीडपट जाड करता येतो. दीडचा घन 3.375, त्याला 45 ने गुणल्यास ॲल्युमिनियमच्या 70 समोर सुमारे 152 येतात, म्हणजे समान वजनाला मॅग्नेशियम दुपटीहून अधिक ताठ ठरते! प्लास्टिकचा गुणांक जेमतेम 2 ते 2.5 असतो, तरीही आतून उभ्या पट्ट्या घालून द्रव्य मधल्या थरापासून दूर नेले की प्लास्टिकचे कवचही बऱ्यापैकी ताठ होते.

अर्थात ताठ वस्तू टिकाऊ असतेच असे नाही. पातळ ॲल्युमिनियमचा कोपरा आपटला की कायमचा पोचा पडतो, तर पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक पुष्कळदा पूर्वपदावर येते. ‘विमानाच्या दर्जाचे ॲल्युमिनियम’ या जाहिरातीतून जाडी कळत नाही. ‘मिलिटरी ग्रेड’ तर त्याहून फसवे आहे : ‘एमआयएल-एसटीडी-810’ हा अमेरिकी संरक्षण खात्याने ठरवलेल्या चाचणीपद्धतींचा संच असून त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे उत्पादकच निवडतो, लष्कर त्याच्या लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही.

तेव्हा कीबोर्डच्या मधोमध दाबून तो किती खचतो ते पाहावे आणि पुढच्या एका कोपऱ्याला धरून लॅपटॉप उचलल्यास करकर आवाज येतो का, ते ऐकावे. सर्वांत जास्त वेळ मात्र बिजागरीला द्यावा. अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसवलेले असतात आणि झाकण उघडताना घट्ट बिजागरीचा सगळा पीळ त्या नटांभोवतालच्या प्लास्टिकवर येतो. ते तडकले की बिजागरी कवचाला उचकटू लागते. म्हणून झाकण हळूहळू उघडत बिजागरीजवळच्या सांध्यात फट पडते का, हे तपासावे. ही तपासणी सीलबंद खोक्यातल्या नव्या लॅपटॉपपेक्षा दुकानात मांडलेल्या, असंख्य हातांनी उघडझाप केलेल्या नमुन्यावर केलेली बरी.