स्वस्त कॉम्प्रेसर टिकतच नाही का?

‘जुन्या गाडीच्या एसीला रीकंडिशन केलेला (जुना दुरुस्त करून विकलेला) कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, बसवला, तर तो काही महिन्यांत जातोच,’ असा समज अनेक वर्षे फिरत आहे. तो अनेकांच्या अनुभवातून आलेला आहे, पण दोष पुष्कळदा कॉम्प्रेसरचा नसून बसवणीचा असतो. जुना कॉम्प्रेसर आतून झिजून जाम होतो, तेव्हा धातूचा कीस पाइपांत आणि कंडेन्सरमध्ये (गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीत) पसरतो. तो तसाच राहिला, तर कंपनीचा महागडा कॉम्प्रेसरही त्याच किसाने खराब होतो.

याची खात्री घरबसल्या करता येते. काढलेल्या कॉम्प्रेसरमधील तेल पांढऱ्या कापडावर ओतावे. त्यात चकाकणारे कण दिसल्यास पाइप फ्लश करून (आतून धुऊन) ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) बदलावेत. बारीक नळ्यांचा कंडेन्सर फ्लशने नीट स्वच्छ होत नाही, म्हणून तोही बदलणे मला आवश्यक वाटते, आणि काटकसर करायचीच तर ती इथे करू नये. आर-१३४ए गॅसच्या गाडीत ठरलेल्या दर्जाचे पीएजी तेल (कॉम्प्रेसरचे कृत्रिम वंगण) मोजूनच भरावे.

कॉम्प्रेसर बदलण्याआधी त्याचा क्लच (त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा भाग) आणि रिले (त्याचा विजेचा स्विच) तपासावेत, कारण कधीकधी कॉम्प्रेसर शाबूत असतो. खरेदी करताना पार्ट नंबर व पुलीच्या खाचा जुळवून लेखी वॉरंटी घ्यावी.