कश्यप

सप्तर्षींपैकी एक ऋषी आणि प्रजापतींमधील प्रमुख. ब्रह्मदेवाचा मानसपुत्र मरीची याचा हा पुत्र, म्हणून यास मारीच असेही म्हणतात. देव, दैत्य, दानव, नाग, गरुड, अप्सरा आणि गायी-म्हशींपर्यंतची सारी प्रजा पुराणे याच्याच पोटी दाखवतात. रामायणातील इक्ष्वाकुवंशाची परंपरा ब्रह्मदेव, मरीची, कश्यप, विवस्वान, मनू, इक्ष्वाकू अशी आहे.

नावाची व्युत्पत्ती हा या विषयातील सर्वांत वादाचा, आणि सर्वांत महत्त्वाचाही, भाग आहे. संस्कृतात ‘कश्यप’ म्हणजे कासव. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत अश्वमेधाच्या प्राण्यांच्या यादीत तो शब्द आला आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेतही कासवाला ‘कस्यप’ हाच शब्द आहे. म्हणजे शब्द भारत-इराणी काळाइतका जुना ठरतो. तैत्तिरीय आरण्यकाने मात्र वेगळी वाट धरली. ‘कश्यपः पश्यको भवति’, म्हणजे अक्षरे उलटवली की ‘पश्यक’, सर्व काही पाहणारा. ही व्युत्पत्ती कीर्तनकारांच्या आवडीची असली तरी ती अर्थवाद, म्हणजे स्तुतीपर स्पष्टीकरण, म्हणूनच घ्यावी. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींचा अर्थ सांगणाऱ्या वैदिक ग्रंथातील (७.५.१) मजकूर अधिक मोलाचा आहे. अग्निचयनात, म्हणजे यज्ञाची वेदी रचण्याच्या विधीत, वेदीच्या विटांच्या थरांत एक जिवंत कासव दही, मध व तूप माखून ठेवले जाते. त्याचे कारण सांगताना ग्रंथकार म्हणतो की प्रजापतीने कूर्मरूप घेऊन प्रजा निर्माण केली. कूर्म म्हणजेच कश्यप. म्हणून सर्व प्रजांना ‘काश्यपी’ म्हणतात. पुढे पुराणांनी तेरा बायका आणि असंख्य मुले यांचा जो पसारा मांडला, त्याचे बीज या एका वाक्यात आहे.

कश्यपगण हा कासव हे देवक (कुळाचे पूज्य चिन्ह) असलेला एखादा प्राचीन समूह असावा, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. गोत्रांच्या उगमाची चर्चा करताना पुण्यात राहून काम करणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा कलही गोत्रनामांत टोळ्यांच्या खुणा शोधण्याकडे होता. केवळ नावावरून देवक सिद्ध होत नाही, हा आक्षेपही तितकाच जुना आहे. मराठी वाचकाला जवळचा पुरावा प्राकृतात सापडतो. जैन आगमांत महावीरांचे गोत्र ‘कासव’ असे दिले आहे. ऋषीच्या नावाचे हे प्राकृत रूप आणि आपला ‘कासव’ हा शब्द यांत फरकच नाही.

ऋग्वेदात कश्यपाचे नाव प्रत्यक्ष एकदाच येते (९.११४.२). दुसऱ्या ते सातव्या मंडलापर्यंतची कुलमंडले गृत्समद, विश्वामित्र, वामदेव, अत्री, भरद्वाज व वसिष्ठ यांची. कश्यपाला स्वतःचे मंडल नाही. त्याच्या कुळातील असित, देवल, अवत्सार, निध्रुवी, रेभ ही नावे अनुक्रमणीत, म्हणजे सूक्तांच्या ऋषींची नोंद देणाऱ्या सूचीत, मुख्यतः नवव्या, सोमाच्या मंडलात भेटतात. दुर्गासूक्ताच्या आरंभी म्हटली जाणारी ‘जातवेदसे सुनवाम सोमम्’ ही एकाच ऋचेची सूक्तरचनाही (१.९९) कश्यपाच्या नावावर आहे.

दक्षाच्या तेरा कन्या कश्यपास दिल्या, असे महाभारताचे आदिपर्व सांगते. रामायणाच्या अरण्यकांडात ही संख्या आठ आहे. अदितीपासून आदित्य, दितीपासून दैत्य, दनूपासून दानव, कद्रूपासून नाग, विनतेपासून अरुण व गरुड ही नाती सर्वांना ठाऊक आहेत.

महाराष्ट्राशी थेट संबंध येतो तो परशुरामकथेमुळे. शांतिपर्वात (अध्याय ४९) परशुराम जिंकलेली पृथ्वी कश्यपास दान देतो, आणि कश्यप त्यालाच आपल्या भूमीत राहण्यास मनाई करून दक्षिण समुद्राकडे पाठवतो. समुद्र मागे हटून शूर्पारक देतो. हे शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. पृथ्वीचे ‘काश्यपी’ हे नाव या दानाशी जोडले जाते. कोकणची परशुरामभूमीची कथा या प्रसंगाचा विस्तार दिसते. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखटणकर यांनी १९३६ च्या निबंधात महाभारतात भृगुकुळाच्या, म्हणजे परशुरामाच्या कुळाच्या, कथा नंतर वाढत गेल्याचे दाखवले. तो निष्कर्ष मान्य केल्यास दानाच्या कथेतील कश्यपाचे स्थान दुय्यम ठरते, आणि ते मान्य करण्यास अडचण दिसत नाही.

ऋषीचे नाव कश्यप, गोत्र काश्यप. गोत्रकार ऋषींच्या आठ मुख्य गणांत कश्यपगण एक असून त्याचे निध्रुव, रेभ व शांडिल्य असे पोटभेद आहेत. प्रचलित त्रिप्रवर (गोत्रासोबत उच्चारायच्या तीन पूर्वज ऋषींची नावे) काश्यप, आवत्सार, नैध्रुव हा आहे. शांडिल्य याच गणातील असल्याने काश्यप व शांडिल्य यांच्यात विवाह जुन्या नियमाने निषिद्ध होता; ही बाधा कायद्याने १९४६ मध्ये दूर झाली. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे, असे निबंधग्रंथ, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलनग्रंथ, सांगतात आणि आधार देतात तो ‘सर्व प्रजा कश्यपाच्या’ याच श्रुतीचा. पुण्यातल्या मंगल कार्यालयांत हे आजही घडते. कन्यादानाच्या संकल्पात गुरुजी गोत्र विचारतात, वडील अडखळतात, मागे बसलेल्या आत्याबाई गावाकडे फोन लावू पाहतात, तोवर पळीतले पाणी तसेच हातावर धरून गुरुजी म्हणतात, ‘काश्यप म्हणा.’ कोणीही कुळावाचून राहू नये अशी ही सोय आहे, आणि यज्ञातल्या कासवाविषयीचे ते वाक्य आज बहुतेकांच्या कानी पडते ते याच रूपात.

भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीला, ‘कश्यपोऽत्रिर्भरद्वाजो’ या श्लोकाने सप्तर्षींचे पूजन होते. पाटावर तांदळाच्या सात पुंजींवर सात सुपाऱ्या आणि आठवी अरुंधतीची. पहिली सुपारी कश्यपाची. बैलाच्या श्रमाचे अन्न त्या दिवशी वर्ज्य असल्याने आदल्या दिवशी मंडईत अळू, सुरण, भेंडी, लाल भोपळा व मक्याची कणसे यांसाठी गर्दी होते. कश्यपाचे स्वतंत्र देवालय वा उत्सव पुण्याच्या भागात रूढ नाही. शिवमंदिरांच्या सभामंडपात फरशीवर कोरलेले कासव कूर्माचे मानतात, या ऋषीचे नव्हे.

काश्मीर कश्यपाने वसवल्याची कथा नीलमत पुराणात व कल्हणाच्या राजतरंगिणीत (बारावे शतक) आहे. परीक्षिताचे विष उतरवण्यास निघालेला आणि तक्षकाकडून धन घेऊन परतलेला काश्यप निराळा; शाकुंतलात कण्वालाही काश्यप म्हटले आहे, तर सातव्या अंकातील मारीच हा प्रस्तुत प्रजापती. बालरोगांवरील काश्यपसंहिता आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने १९२६ मध्ये छापलेले काश्यपशिल्प हे ग्रंथ त्याच्या नावावर असले, तरी दोन्ही बऱ्याच उत्तरकालीन आहेत.