पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या: ४ एप्रिल १९६४ च्या यादीमागची गोष्ट

४ एप्रिल १९६४ ची 'बिलबोर्ड हॉट १००' यादी, म्हणजे अमेरिकेतल्या शंभर लोकप्रिय गाण्यांची दर आठवड्याची यादी, आजही काढून वाचावी अशी आहे. पहिल्या क्रमांकावर 'कान्ट बाय मी लव्ह', मग 'ट्विस्ट अँड शाउट', 'शी लव्ह्ज यू', 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' आणि पाचव्या जागी 'प्लीज प्लीज मी'. पाचही गाणी बीटल्स या ब्रिटिश बँडची. शंभरापर्यंत खाली उतरत गेलं की त्यांची आणखी सात सापडतात.

लाट होती, हे खरंच. ९ फेब्रुवारीला अमेरिकी टीव्हीवरच्या एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा आले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख माणसं टीव्हीसमोर बसली होती. पण लाटा एल्व्हिस प्रेस्लीच्याही येऊन गेल्या होत्या; पाचही जागा त्यालाही कधी मिळाल्या नाहीत. मला त्या यादीत सगळ्यात बोलकी वाटतात ती गाण्यांसोबत छापलेली कंपन्यांची नावं. गाणी पाच आणि लेबलं (तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांची नावं) चार: कॅपिटॉल, टॉली, स्वान, व्ही-जे.

कॅपिटॉल ही ब्रिटनच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची अमेरिकेतली कंपनी. बीटल्स ईएमआयचेच, म्हणजे घरचेच. तरी १९६३ मध्ये कॅपिटॉलनं त्यांच्या तबकड्या एकामागून एक नाकारल्या. ब्रिटिश पॉप अमेरिकेत चालत नाही, असा तेव्हाचा अनुभवच होता. मग 'प्लीज प्लीज मी' शिकागोच्या व्ही-जेकडे गेलं. कृष्णवर्णीय मालकांची ही कंपनी, व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन यांनी १९५३ मध्ये उभी केलेली. पहिल्या छपाईत तबकडीवर बँडचं स्पेलिंगसुद्धा चुकलं होतं. गाणं पडलं. 'शी लव्ह्ज यू' फिलाडेल्फियाच्या स्वाननं घेतलं. तेही पडलं.

अखेर २६ डिसेंबर १९६३ ला कॅपिटॉलनं 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' बाजारात आणलं आणि १ फेब्रुवारीला ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. आता छोट्या कंपन्यांकडे पडून असलेल्या त्या जुन्या गाण्यांना एकदम मोल आलं. व्ही-जेनं 'प्लीज प्लीज मी' पुन्हा काढलं आणि टॉली या आपल्या दुसऱ्या लेबलवर 'ट्विस्ट अँड शाउट' आणलं. हे गाणं ब्रिटनमध्ये बीटल्सनी सिंगल, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र तबकडी, म्हणून काढलंच नव्हतं! कॅपिटॉलनं कोर्टात धाव घेतली, तरी विक्री थांबली नाही. ब्रिटनमध्ये जी गाणी वर्षभरात एकेक करून आली, ती अमेरिकेत काही आठवड्यांत एकमेकांच्या अंगावर येऊन पडली. नवं 'कान्ट बाय मी लव्ह' तर त्या आठवड्यात २७ वरून थेट पहिल्यावर आलं.

२०२२ च्या नोव्हेंबरात टेलर स्विफ्टनं पहिल्या दहाही जागा घेतल्या, तेव्हा या आठवड्याची आठवण निघाली. पण ती दहाही गाणी एकाच नव्या अल्बममधली होती आणि आता अल्बम आला की त्यातलं इंटरनेटवर ऐकलेलं प्रत्येक गाणं यादीत मोजलं जातं. १९६४ मध्ये प्रत्येक गाण्याची वेगळी तबकडी दुकानात जाऊन विकत घ्यावी लागे. यादीही दुकानदारांनी कळवलेली विक्री आणि रेडिओवर वाजणारी गाणी यांवरून बनायची. म्हणून मला जुना विक्रम जास्त मोठा वाटतो.

बीटल्सची पहिली जागा सलग १४ आठवडे टिकली. ९ मे रोजी ती घेतली ६२ वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगनं, 'हॅलो, डॉली!' गाऊन. व्ही-जेचे बीटल्सच्या गाण्यांवरचे हक्क त्याच वर्षी संपले. मार्च १९६५ मध्ये कॅपिटॉलनं त्यातली बरीचशी गाणी 'द अर्ली बीटल्स' नावानं स्वतः काढली. बीटल्सवर आधी पैसे लावणारी व्ही-जे १९६६ मध्ये दिवाळखोरीत गेली.